एलीझेचा सात-बारा

महसूल खात्यात ज्याने तीस वर्षे अभिलेख कक्षाच्या किल्ल्या सांभाळल्या, रुमालांच्या गाठी सोडल्या आणि बांधल्या, वाळवीशी युद्ध व वकिलांच्या कारकुनांशी तह केले, त्या मनुष्यास सेवानिवृत्तीनंतर जगाच्या पाठीवरील कोणताही कागद हुडकून काढता येईल, अशी त्याच्या नातलगांची समजूत होऊन बसते. आणि ती समजूत खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा त्या मनुष्याच्या अंगी क्वचितच असतो. माझ्या अंगी तो मुळीच नव्हता. म्हणूनच पुण्यास पियानो शिकणाऱ्या माझ्या नातीने जेव्हा एका रविवारी, "आजोबा, तुम्ही रेकॉर्डकीपर होतात ना? मग मला अभिजात पियानोसंगीतावरचं संशोधन शोधून द्या की," अशी फर्माईश केली, तेव्हा पियानो हे वाद्य चित्रपटाच्या पडद्याखेरीज अन्यत्र कोठेही पाहिलेले नसताना, "त्यात काय मोठंसं? आठ दिवसांत नक्कल मिळेल," असे मी जुन्या सवयीने बोलून गेलो. आमच्या खात्यात आठ दिवस म्हणजे किती दिवस, हे त्या पोरीस ठाऊक नव्हते, एवढीच त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आता आमचे वळसंग हे काही पियानोचे गाव नव्हे. सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. येथले निम्मे लोक घरात कन्नड बोलतात, निम्मे मराठी, आणि भांडताना सारे गाव दोन्ही भाषांचा निःपक्षपातीपणे उपयोग करते. इतिहासात आमच्या गावाची जी ठळक नोंद आहे ती दलित बांधवांनी खोदलेल्या आडाची व त्यासाठी १९३७ साली येथे आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची, संगीताच्या दप्तरी मात्र आमचे खाते कोरे आहे. भजनी मंडळाची एक पेटी, टाळांचे दोन संच, एक पखवाज, हलग्या आणि लग्नसराईत सोलापुराहून येणारा बँड, एवढीच आमची वाद्यसंपदा. परंतु अभिजात पियानोचे सूर वळसंगात उमटतच नाहीत असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. आमच्या गल्लीतील टेम्पोवाला भल्या पहाटे आपला टेम्पो जेव्हा मागे घेतो, तेव्हा त्या वाहनाच्या पार्श्वभागातून नऊ स्वरांची एक बारीक, किरटी, किंचित केविलवाणी सुरावट निघते. ती पुनःपुन्हा निघते. आणि गाडीने पुढचा गिअर धरताच मध्येच तुटते. ही सुरावट बेटोफन नामक जर्मन महापुरुषाची असून तिचे नाव 'फ्यूर एलीझे', म्हणजे 'एलीझेसाठी', असे आहे, हे मला नातीने सांगितले. त्यापूर्वी माझी अशी प्रामाणिक समजूत होती की ती टेम्पो बनविणाऱ्या कंपनीची रचना आहे.

शोधाचा आरंभ मी रीतसर, म्हणजे सोलापुरातील एका वाचनालयापासून केला. तेथील कार्डांच्या खणात 'पियानो' हा शब्द जेथे असावयास हवा होता तेथे 'पिकांवरील कीड व तिचा बंदोबस्त' हे पुस्तक ठाण मांडून बसले होते. ग्रंथपालांनी माझी मागणी शांतपणे ऐकून घेतली, चष्मा कपाळावर चढविला, "पेटीवर आहे एक, चालेल का? पेटीला पाय लावले की पियानोच," असा तोडगा सुचविला, आणि मी तो नाकारताच माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की तहसील कचेरीत वारसाच्या नोंदीसाठी येऊन हट्टाने १८६० सालचा कागद मागणाऱ्या शेतकऱ्याकडे मी स्वतः कैक वर्षे तसाच पाहत होतो, याची मला प्रथमच लाज वाटली.

मग घरी येऊन मोबाईलचा आश्रय केला. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'शोधगंगा' नामक प्रबंधांची जी कोठी आहे, तीत भारतातील विद्यापीठांचे प्रबंध खंडशः ठेवलेले असतात. शीर्षकपत्र निराळे, प्रमाणपत्र निराळे, ऋणनिर्देश निराळा. आणि मी आपला प्रत्येक प्रबंधाचा ऋणनिर्देश प्रथम उघडीत असल्यामुळे, सारस्वतात कोणकोणत्या सासुरवाडीचे किती उपकार आहेत याची मला सविस्तर माहिती झाली. नंतर परदेशी नियतकालिकांकडे वळलो. तेथे मात्र मला माहेरी आल्यासारखे वाटले. कारण तेथे कोणत्याही लेखाचा आरंभी गोषवारा फुकट दाखवितात, आणि गोषवाऱ्याने मनुष्याची जिज्ञासा नेमकी चाळवली की खाली नक्कल फीचा आकडा डॉलरांत मांडतात. आम्हीही हेच करीत असू. फरक इतकाच की आमची फी चार रुपये असून उरलेली रक्कम चहाच्या रूपाने वसूल होत असे. शिवाय ह्या विद्येचे दोन जागतिक झाडे आहेत, असे आढळून आले. 'रिझम' नामक संस्था १९५२ पासून जुनी हस्तलिखिते व मुद्रित स्वरलिप्या कोणत्या ग्रंथालयात आहेत याची नोंद ठेवते, आणि 'रिल्म' नामक दुसरी संस्था १९६६ पासून संगीतावर कोणी काय लिहिले याची. म्हणजे एकीकडे जमिनीचे रेकॉर्ड आणि दुसरीकडे त्या जमिनीवरून झालेल्या भांडणांचे रेकॉर्ड. अशी सोय आमच्या खात्यात असती तर माझे तीस वर्षांचे काम दहा वर्षांत उरकले असते व उरलेली वीस वर्षे चौकशी चालली असती.

परंतु खरा साक्षात्कार पुढेच होता. पियानोच्या रचनांस नावे बहुधा नसतात. असतो तो क्रमांक. हा क्रमांक ठरविणारी मंडळी कोण म्हणाल, तर वृत्तीने थेट आमच्या बिरादरीची. मोझार्टच्या समग्र रचनांची १८६२ साली यादी करून त्यांस १ ते ६२६ असे क्रमांक देणारा लुडविग फॉन कोशेल हा गृहस्थ कायदा शिकलेला असून वनस्पती व खनिजे गोळा करण्याचा त्यास नाद होता. अर्थात रानातील पाला, खाणीतील दगड आणि मोझार्टचे कागद यांकडे तो एकाच निर्विकार दृष्टीने पाहत असला पाहिजे, आणि रेकॉर्डकीपर म्हणून ह्याहून मोठा गुण नाही. पुढे विसाव्या शतकात ह्या यादीची फेरमोजणी झाली आणि काही रचनांस नवे पोटहिस्से पडले. नातीच्या पुस्तकातील तुर्की धाटणीचा जो प्रसिद्ध तुकडा आहे, तो ज्यात आहे त्या सोनाटाचा मूळ क्रमांक ३३१. नव्या हिशेबाने तो ३००-आय. दोन्ही क्रमांक एकमेकांशेजारी तिरकी रेघ मारून लिहिलेले आढळतात. आमच्याकडे १९४७ च्या कायद्याप्रमाणे एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि तेव्हापासून प्रत्येक शेतकरी 'जुना अमुक, नवा तमुक' असे एका दमात बोलू लागला, ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्यामुळे त्या विद्वानांची अडचण मला अर्ध्या वाक्यात कळली.

त्याहून मौजेची हकीकत स्कार्लाटीची. ह्या इटालियन गृहस्थाने पट्ट्यांच्या वाद्यासाठी ५५५ सोनाटा लिहून ठेवले. प्रथम लाँगो नामक संपादकाने त्यांस आपले क्रमांक दिले. १९५३ साली कर्कपॅट्रिक नामक अमेरिकन विद्वानाने ते सर्व रद्द करून आपले दिले. लाँगोच्या बुकातील २३ नंबरचा तुकडा ह्या नव्या आकारणीत ३८० झाला. आणि गंमत अशी की, इंग्रजी लिखाणात कोशेलचे आद्याक्षर 'के' आणि कर्कपॅट्रिकचेही 'के'. परिणामी 'के ३८०' असे म्हटल्याबरोबर मोझार्टच्या शिवारात जावे की स्कार्लाटीच्या, हे ठरवावयास गाव नमुना पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. बेटोफनच्या ज्या रचनांस प्रकाशकाचा क्रमांक कधी मिळालाच नाही त्यांचा एक निराळा वर्ग आहे; त्यास जर्मन भाषेत 'क्रमांकाविना रचना' अशा अर्थाचे नाव असून त्याची यादी १९५५ साली सिद्ध झाली. हे आमचे गावठाणच म्हणावयाचे. गावठाणास सर्व्हे नंबर नसतो; पण सारी वस्ती, सारा गलबला आणि सारी भांडणे तेथेच असतात. आमच्या टेम्पोतील सुरावट ह्याच गावठाणात ५९ क्रमांकाच्या घरी राहते.

आता फेरफाराचे उदाहरण. पियानो शिकणारे जगातील झाडून सारे बालक पहिल्या वर्षी बाखचा म्हणून एक मिन्युएट वाजवितात. बाखने आपल्या पत्नीसाठी ठेवलेल्या वहीत तो होता, म्हणून तो बाखचा. वहिवाट जुनी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी कागद तपासले तेव्हा मूळ खातेदार क्रिस्टियान पेट्झोल्ड नामक ऑर्गनवादक निघाला. रीतसर नोंद झाली, बाखचे नाव कमी होऊन पेट्झोल्डचे लागले. परंतु कब्जा सुटतो थोडाच? नातीच्या पुस्तकावर अजून बाखचेच नाव छापलेले आहे. सात-बारा एकाच्या नावे आणि पीक दुसऱ्याच्या घरी, ही व्यवस्था केवळ दक्षिण सोलापूर तालुक्यातच आहे असा माझा जो न्यूनगंड होता, तो ह्या संशोधनाने समूळ नाहीसा झाला.

हे झाले कागदपत्रांचे. शास्त्रज्ञांचे संशोधन निराळे. १९९३ साली अमेरिकेत ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा दहा मिनिटे ऐकविला, आणि आकृतींच्या कोड्यांत त्यांचे गुण काही काळ वाढले, असे एका सुप्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. हा 'काही काळ' म्हणजे दहा-पंधरा मिनिटे. पण बातमी एकदा वेशीबाहेर पडली म्हणजे तिचा आकार वाढतोच. १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या राज्यपालांनी प्रत्येक नवजात बालकास अभिजात संगीताची तबकडी देण्यासाठी १,०५,००० डॉलरांची मागणी अंदाजपत्रकात मांडली. पुढे फेरतपासणी झाली तेव्हा तो परिणाम अनेक ठिकाणी सापडेना. म्हणजे पंधरा मिनिटांच्या बुद्धीवर आधारलेले अंदाजपत्रक, हा प्रकारही आपल्याकडचाच आहे असे नाही.

दुसरा वाद स्पर्शाचा. वादकाच्या बोटांतून पियानोत भावना उतरते, असे कलावंत मानतात. पण पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळण्यापूर्वीच पट्टीपासून सुटी होते, तेव्हा एकट्या स्वरापुरते पाहिल्यास फरक पडतो तो केवळ हातोडीच्या वेगाने, असे ओर्टमान नामक संशोधकाने १९२५ साली प्रयोगांनी दाखविले. आणि जेम्स जीन्स ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३७ साली त्यावर कडी करून, पट्टी बोटाने दाबा नाही तर छत्रीच्या टोकाने, स्वर तोच, असा निवाडा दिला. पियानो आमच्या घरी नाही, छत्री आहे. हा अर्धा योग जुळून आल्याबद्दल मला फार दिवसांनी विज्ञानाविषयी आत्मीयता वाटली. तिसऱ्या एका विद्वानाने, ब्रूनो रेप त्याचे नाव, १९९२ साली शूमानच्या एकाच लहान तुकड्याची २८ ध्वनिमुद्रणे घेऊन प्रत्येक स्वरास किती वेळ लागला याची मोजणी केली, आणि ओळीचा शेवट आला की बहुतेक सारे वादक गती मंद करतात, असे सिद्ध केले. हे मी आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांस मोठ्या उत्साहाने सांगितले. ते विडी विझवीत म्हणाले, "ते हो कसं काय मोजायचं भाऊसाहेब? वळ सपली की दम घ्यावा लागतोच की." अठ्ठावीस ध्वनिमुद्रणांचा निष्कर्ष त्यांनी एका विडीत काढला, हे मी नातीस कळविलेले नाही.

ह्या भ्रमंतीत मला सर्वांत आनंद झाला तो आमच्याच खात्यातील एक पूर्वसूरी भेटल्यामुळे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शन मिळाल्यावर सामान्य डेप्युटी कलेक्टर घर बांधतो अथवा गीतेवर टीका लिहितो. देवलांनी स्वरांची मोजणी काढली. खाँसाहेब अब्दुल करीम यांच्यासारख्या गवयाच्या गळ्याचे साहाय्य घेऊन त्यांनी सप्तकातील बावीस श्रुतींची माने निश्चित केली व १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांस क्लेमंट्स नामक एक आय.सी.एस. जिल्हा न्यायाधीश सामील झाले. पेटी काय किंवा पियानो काय, दोहोंच्या सप्तकात पट्ट्या बाराच आणि त्याही समान अंतरावर. तेव्हा आमच्या संगीताचे बारीक स्वर त्यांत मावत नाहीत, असे ह्या उभयतांचे म्हणणे. म्हणून त्यांनी लंडनच्या कारखान्यातून खास श्रुतींची पेटी घडवून आणविली, आणि १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे ठेवली. विद्वानांचे समाधान झाले नाही. एक महसूल अधिकारी आणि एक न्यायाधीश यांनी मिळून केलेली मोजणी गायकांनी फेटाळावी, याचे बाहेरच्यांस नवल वाटेल, मला नाही. षड्ज आणि ऋषभ यांमधला वाद हा अखेर बांधाचा वाद आहे, आणि बांधाच्या वादात साखळी कितीही अचूक टाकली तरी दोन्ही बाजूंचे समाधान झाल्याचे माझ्या स्मरणात नाही.

एक मनाई हुकूमही सापडला. वडिलांकडून पारशी, जन्माने इंग्रज असा सोराबजी नामक एक रचनाकार होऊन गेला. त्याने १९३० साली पियानोसाठी चार तासांहून अधिक चालणारी एक रचना पुरी केली, ती एकदा स्वतः वाजविली, आणि पुढे आपल्या रचना आपल्या परवानगीवाचून कोणी जाहीररीत्या वाजवू नयेत असे बजावून ठेवले, ते १९७६ पर्यंत. आपल्याच मिळकतीवर आपणच पस्तीस-चाळीस वर्षे स्थगिती मिळविणारा पक्षकार मी नोकरीत एकही पाहिला नाही. तथापि चार तासांची रचना ऐकण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असता, त्यांच्या दृष्टीने हा हुकूम अन्यायाचा होता असे छातीठोकपणे सांगवत नाही.

आता मुख्य प्रकरण, म्हणजे टेम्पोतील एलीझे. कागद पाहावयास लागलो आणि तीन रात्री झोप आली नाही. वस्तुस्थिती अशी : बेटोफन १८२७ साली वारला, हा तुकडा छापून आला तो १८६७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. लुडविग नोल नामक विद्वानास म्युनिक येथे एका बाईकडे बेटोफनच्या हातचा कागद पाहावयास मिळाला, त्यावरून त्याने नक्कल उतरवून घेतली. त्या कागदावर 'एलीझेसाठी' असे शब्द, २७ एप्रिल ही तारीख व बेटोफनची सही होती, असे नोल सांगतो. साल नव्हते, ते १८१० असावे असा तर्क आहे. कच्चा मसुदा बॉन येथे जतन करून ठेवलेला आहे. मूळ दस्त मात्र गहाळ!

मूळ दस्त गहाळ, नक्कल एकाच मनुष्याच्या हातची, तारखेत साल नाही, आणि लाभार्थीचे नुसते पाळण्यातले नाव. वडिलांचे नाव नाही, आडनाव नाही, राहणार कोठली त्याचा पत्ता नाही. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यावर 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा मारून दुपारच्या डब्याकडे वळलो असतो. पण विद्वान डब्याकडे वळत नाहीत. अर्थातच वारस उभे राहिले. एका पक्षाचे म्हणणे असे की, बेटोफनचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नोलने 'तेरेझे' हे नाव 'एलीझे' असे वाचले. आणि खरी हक्कदार तेरेझे माल्फाटी, जिच्याशी विवाह करण्याचे त्या वर्षी बेटोफनच्या मनात होते. दुसऱ्या पक्षाने २०१० च्या सुमारास एलिझाबेथ रोकेल ह्या गायिकेचे नाव दाखल केले. ही पुढे हुमेल नामक दुसऱ्याच पियानोवादकाची पत्नी झाली. तिसऱ्या पक्षाने एलीझे बारेन्सफेल्ड नामक एका बालगायिकेच्या वतीने हरकत घेतली. तिघींपैकी एकीसही ह्या दाव्याची नोटीस बजावणे आता शक्य नाही. प्रत्येक पक्षाचे लेख मी गोषवाऱ्यापर्यंत वाचले, आणि प्रत्येक वेळी माझे मत बदलले. न्यायाधीश होण्याची पात्रता माझ्यात नसल्याचे मला उतारवयात कळले.

ह्या सर्व काळात एक गोष्ट मात्र राहून गेली होती, आणि ती पेटीवाल्यांनी ध्यानात आणून दिली. एका संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर मी त्यांस तीन वारसांची कैफियत ऐकवीत असता त्यांनी भाता उघडला आणि टेम्पोची ती सुरावट काळी दोन षड्ज धरून सहज वाजविली. पंचम, तीव्र मध्यम, पंचम, तीव्र मध्यम, पंचम, ऋषभ. मग शुद्ध मध्यम, कोमल गांधार, षड्ज. पुन्हा वाजविली, आणि बोट शुद्ध मध्यमावर तसेच ठेवून ते विचारात पडले. "निघाला तर मधुवंतीकडं होता हो हा मानूस," ते म्हणाले, "मदीच ह्यो शुद्ध मध्यम कुठनं काढला? पन वंगाळ न्हाई लागत. पुढचं काय हाय?"

पुढचे काय आहे, ते मला ठाऊक नव्हते. दोन महिने मी ह्या तुकड्याचे कागद चाळीत होतो. त्याची तारीख, त्याचा नंबर, त्याचे तिन्ही वारस मला तोंडपाठ होते. पण नऊ स्वरांपलीकडे तो एकदाही ऐकलेला नव्हता. शेवटी नातीस दूरध्वनी लावला, तिने तिकडे पियानोवर वाजविला, आणि मोबाईल ओट्यावर ठेवून आम्ही दोघांनी ऐकला. सारा मिळून तीनेक मिनिटांचा तुकडा. मध्ये एकदा तो उजेडात आल्यासारखा होतो, आणि एकदा डाव्या हाताचा एकच स्वर हलगीसारखा घुमत राहतो. प्रत्येक वेळी ती नऊ स्वरांची ओळ, बाहेर जाऊन आलेल्या माणसासारखी, घरी परत येते. पेटीवाले काही बोलले नाहीत. त्यांनी भाता मिटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोवाल्यास मी ही वार्ता सांगितली की, बाबा रे, तुझ्या गाडीतील गाणे अपुरे आहे, पुढे ते फार सुंदर आहे, आणि सारे मिळून तीन मिनिटांचे आहे. तो स्टेअरिंगवर हात ठेवून क्षणभर विचार करून म्हणाला, "मग ते समदं वाजायला गाडी किती मागं घ्याला लागंल ओ भाऊसाहेब?"

मी हिशेब केला. आमची गल्ली चाळीस पावलांची. तीन मिनिटे टेम्पो उलटा चालवावयाचा म्हणजे गल्ली, देऊळ आणि गटार ही तिन्ही ओलांडून तो थेट अक्कलकोटच्या रस्त्यावर जाईल, आणि तेथे पुढच्या प्रकरणाचा पंचनामा होईल. तेव्हा नातीस अहवाल पाठविला तो येणेप्रमाणे : अभिजात पियानोसंगीतावरील संशोधन विपुल आहे, सुस्थितीत आहे, क्रमांक दुहेरी आहेत, नक्कल फी जबर आहे. एलीझे ह्या मिळकतीचा मूळ दस्त गहाळ असून तीन वारसांचे दावे प्रलंबित आहेत. प्रत्यक्ष कब्जा व वहिवाट आमच्या गल्लीतील टेम्पोची, तीही रोज पहाटे, नऊ स्वरांपुरती. उर्वरित क्षेत्र अर्जदाराने स्वतः वाजवून ताब्यात घ्यावे.